मोटर फोन उचलत नाही

आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये येणारा माणूस जाताना काही ना काही मागे सोडून जातो. छत्र्या, चष्मे, आधारकार्डाच्या झेरॉक्स. एकदा एकजण कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी विसरला. दुसऱ्या दिवशी न्यायला आला तेव्हा त्याला पिशवी तेवढी परत मिळाली. पण सगळ्यात जास्त जमतात ते किस्से. ते न्यायला कुणीच परत येत नाही. संध्याकाळी शटर ओढलं की ते माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी येतात. जेवताना मी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "तू सिमकार्ड विकतेस की कीर्तन करतेस?"

सेंटर सोलापुरात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. काउंटर तीन. पहिल्यावर मी, दुसऱ्यावर फरहाना, तिसऱ्यावर श्रीनिवास. मागं काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर सर.

यातला श्रीनिवास नीट लक्षात ठेवा. कंपनीनं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं वाक्य सोडून हा माणूस दुसरं काही बोलत नाही. समोरचा टेबलावर मूठ आपटू दे, रडू दे, नाहीतर कोर्टात जायची धमकी देऊ दे, श्रीनिवास टाय सरळ करणार आणि एकाच सुरात म्हणणार, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." त्याला हसताना मी पाहिलेलं नाही. एकदा त्याची बायको सेंटरमध्ये आली होती. ती म्हणाली, घरातला गॅस संपला असं सांगितलं तरी हे तेच म्हणतात.

आणि मला एक खोड आहे. ज्या गिऱ्हाइकावर बाकीचे वैतागतात, त्याच्याकडं मी आ वासून बघत राहते. कंपनी वर्षाला नवीन टेक्नॉलॉजी आणते, पण मला अजून तरी फोनपेक्षा फोन धरणारी माणसंच जास्त भारी वाटतात.

* * *

एक निवृत्त हेडमास्तर आले होते. धोतर नाही, साधी पँट-शर्ट, पण डोक्यावर टोपी आणि नजर अजून वर्गावरची. पोस्टपेडचं प्रीपेड करायचं होतं. मी सगळं भरून घेतलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "गुरुजी, आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तो सांगा."

मेसेज आला. गुरुजींनी चष्मा बदलला आणि मेसेज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. एवढ्या वर्षांत तो मेसेज पूर्ण वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"यात लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. आमचे कर्मचारी तो कधीही विचारत नाहीत," गुरुजी म्हणाले. "तुम्ही कर्मचारीच ना?"

"हो."

"मग विचारलात कसा?"

तिसऱ्या काउंटरवरून श्रीनिवास म्हणाला, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. गुरुजी म्हणाले, माझी काही गैरसोय नाही, मी फक्त आज्ञा पाळतोय. शेवटी मॅनेजर सर बाहेर आले, हात जोडले, कीबोर्ड उचलून गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि तुम्हीच टाइप करा म्हणाले. गुरुजींनी मागं वळून रांगेकडं पाहिलं. एवढ्या लोकांसमोर गुप्त क्रमांक कसा लिहिणार?

"सगळ्यांनी पाठ करा," ते म्हणाले.

आणि माणसं वळली हो! कॉलेजची पोरं वळली, बुरख्यातल्या दोन बायका वळल्या, वॉचमन वळला, मॅनेजर सरसुद्धा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. गुरुजींनी एका बोटानं एकेक आकडा शोधला. तेवढ्यात वेळ संपली आणि ओटीपी बाद झाला. मी दुसरा पाठवला.

या वेळी सांगावं लागलं नाही. गुरुजींच्या मोबाइलची रिंग वाजली आणि रांग आपोआप भिंतीकडं वळली.

* * *

विड्या वळणाऱ्या बायका आमच्याकडं सहसा एकट्या येत नाहीत, चार-पाचजणी मिळून येतात. वर्षानुवर्षं पान कापून, तंबाखू भरून, सूत गुंडाळून त्यांची बोटं गुळगुळीत झालेली असतात. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. म्हणजे बाई समोर बसली आहे, आधारकार्ड हातात आहे, त्यावरचा फोटोही तिचाच आहे आणि मशीनच्या मते ती ती नाहीच.

नवीन होते तेव्हा मी त्यांना परत पाठवायचे. मग त्यांनीच मला शिकवलं. सिमकार्ड घ्यायचं ठरलं की त्या आधी दोन दिवस काम बंद ठेवतात, हाताला खोबरेल लावतात आणि सकाळी उठल्या उठल्या, कशालाही हात न लावता येतात. दोन दिवस हाताला विश्रांती मिळाली की ठसे थोडे परत येतात म्हणे. मी हे ऐकलं त्या दिवशी माझ्या स्वतःच्या अंगठ्याकडं कितीतरी वेळ बघत बसले होते.

त्यातल्या नरसम्माचं दोन दिवसांनीही जुळेना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, एकेक बोट झालं. मशीनला एकही पसंत पडेना. बरोबरच्या बायका तेलुगूत मशीनला काय काय बोलत होत्या ते श्रीनिवासला कळत होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते. शेवटी राहिली डाव्या हाताची करंगळी. ती ठेवली आणि हिरवी खूण आली.

नरसम्मानं करंगळी डोळ्यांसमोर धरली आणि नीट निरखून पाहिली.

"ही एकटीच कामचोर निघाली बघा," ती म्हणाली.

* * *

तात्या पहिल्यांदा आले तेव्हा दोन्ही हातांनी पोटाशी एक गाठोडं धरून बसले होते. त्यांचा नंबर पुकारल्यावर त्यांनी ते माझ्या काउंटरवर ठेवलं आणि टॉवेलची गाठ सोडली. आत एक चौकोनी डबा होता. पुढं दोन दिवे, एक लाल बटण, छोटी स्क्रीन, मागं वायरी, वर छोटी अँटेना.

"हिचा फोन लागंना," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"मोटरीचा."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. तात्यांचं शेत उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, केळी आणि थोडा ऊस. तिकडं आता पाण्याच्या मोटरीलाही सिमकार्ड असतं. घरापासून पाणी लांब, लाइट वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री, म्हणून स्टार्टरच्या पेटीत हा डबा बसवतात. ज्याचा नंबर डब्यात नोंदवलेला आहे त्यानं कुठूनही फोन लावायचा. मोटर फोन उचलते, हिरवा दिवा लागतो आणि पाणी सुरू होतं. वर एक बारीक माइकही असतो, म्हणजे लांबच्या माणसाला मोटरीचा आवाज ऐकून खात्री करता येते. दुसऱ्या कुणी फोन लावला तर लाल दिवा लुकलुकतो, आतली बाई त्याला सांगते, "आपला नंबर नोंदणीकृत नाही," आणि फोन ठेवून देते. मोटर फोन उचलते हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, पण दर वेळी माझं मलाच नव्यानं नवल वाटतं.

मी माझ्या मोबाइलवरून लावून पाहिला. लाल दिवा लुकलुकला आणि बाईनं मला हाकलून दिलं. म्हणजे सिम चालू, डबा चालू. मग मी विचारलं, यात नंबर कुणाचा नोंदवलाय?

पोराचा होता. पोरगा पुण्याकडं कंपनीत. डबा त्यानंच बसवलेला. मग त्यानं शेती सोडून नोकरी धरली, त्यावरून बापलेकांचं वाजलं आणि तेव्हापासून दोन वर्षं अबोला. फोन नाही, येणं-जाणं नाही. पण लाइट आली की तिकडून पोरगा मोटरीला फोन करायचा आणि इकडं पाणी सुरू व्हायचं. एक दिवस चुकला नाही. आता पंधरा-वीस दिवस मोटर गप्प होती.

मी म्हटलं, पाण्याचे हाल होत असतील. तात्यांनी मान हलवली.

"पानी म्या हातानं बी सोडतो की. त्याचं काय न्हाय. पर मोटर चालू झाली म्हंजी गडी बरा हाय, येवढं कळायचं."

मग ते डब्याकडं बोट दाखवून म्हणाले, तुमचंच कायतरी बिघडलं असेल, नीट बघा. ठरलेल्या वेळेला लाल दिवा लुकलुकतो आणि विझतो, म्हणजे आत काहीतरी जळलं असणार. मी सांगितलं, ते ऑफरचे फोन असतील तात्या, आमची कंपनी कुणालाच सोडत नाही, मोटरीलाही नाही.

रोज शंभर माणसं येतात आणि प्रत्येकाला वाटत असतं, बिघाड काही निघू नये. बिघाड निघावा म्हणून एसटीनं सोलापूर गाठणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. नेटवर्क बिघडलेलं असलं तर पोरगा रोज फोन करतोच आहे, फक्त पोचत नाही. आणि नेटवर्क चांगलं असलं तर पोरानं तोही धागा तोडलाय. तात्यांना काय ऐकायचं होतं ते माझ्याइतकंच श्रीनिवासलाही दिसत होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं टाय सरळ केला, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो म्हणाला आणि त्यांच्या गावच्या टॉवरची तक्रार नोंदवून टाकली. सिग्नल चांगला होता तरी नोंदवली.

तात्या खूश झाले. त्यांनी पिशवीतून केळ्याची फणी काढून तिन्ही काउंटरना वाटली.

* * *

होटगीहून एक अक्का येतात. मालक रेल्वेत. त्यांची तक्रार अशी की घरात नेटवर्क येतं ते फक्त एका जागी, देव्हाऱ्यापुढं. बाकी सगळं घर कोरडं. फोन देवापाशीच ठेवलेला, वाजला की स्वयंपाकघरातून धावत जाऊन देवासमोर बसायचं आणि बोलायचं. सगळं घर तसंच करतं. मुलगा मित्राशी बोलताना मांडी घालून बसतो. सासूबाई माहेरची चौकशी करता करता समई सारखी करतात.

मी अक्कलकोटकडची, त्यामुळं अक्का माझ्याशी कानडीत बोलतात. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की अक्का, सगळ्यांना देवाजवळ बसायची सवय लागली.

अक्का काउंटरवर वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, त्याचाच त्रास झालाय. मालकांना कधी एखादी जादा सुट्टी हवी असली की साहेबाला फोन करून ताप आलाय म्हणायचे. आता फोन लावतात, समोर सिद्धेश्वराचा फोटो दिसतो आणि जीभच उचलत नाही. परवा साहेबानं विचारलं, काय झालं? तर खरं सांगून बसले, मेव्हण्याच्या शेतात हुरडा खायला जायचंय.

"टॉवर मोठा करू नका," अक्का म्हणाल्या. "नुसता गोठ्याकडं सरकवून द्या."

* * *

आमचे मॅनेजर सर गिऱ्हाइकाला नेहमी सांगतात, हेल्पलाइनला फोन करा, धीर धरा, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. एकदा त्यांच्याच घरचं इंटरनेट बंद पडलं. घरी परीक्षेचा मुलगा आणि सिरियलवाली आई. सरांनी केबिनचं दार लावून हेल्पलाइन स्पीकरवर लावली.

काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. आधी सर खुर्चीत ताठ बसले होते. मग टेकले. मग एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करता करता उभे राहिले. मग वाजणाऱ्या संगीताच्या तालावर त्यांचं पेन हलायला लागलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. शेवटी आवाज आला की आपला कॉल आपल्या जवळच्या सर्व्हिस सेंटरकडं जोडत आहोत.

त्याच वेळी फरहानाच्या काउंटरवरचा लँडलाइन वाजायला लागला. तिनं उचलायच्या आत सरांनी दार किलकिलं केलं.

"फरहाना, कुणी का असेना, नंतर करा म्हणावं," ते ओरडले, "मी महत्त्वाच्या कॉलवर आहे!"

* * *

शहराच्या पूर्व भागातले राजेशम मामा यंत्रमागावर टॉवेल विणतात. ते जी तक्रार घेऊन आले ती वेगळीच होती. तुमच्या हेल्पलाइनच्या माणसाला समजावा म्हणाले.

झालं असं होतं की मामा मागावर असताना फोन आला. साहेब बोलतोय, तुमचं सिम बंद होणार, आता आलेला नंबर सांगा. आता ज्यांनी मागाचा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं फोनमधलं काय येणार? मामा म्हणाले, मोठ्यानं बोला. तो मोठ्यानं बोलला. अजून मोठ्यानं म्हणाले, तो ओरडला. शेवटी त्यानं हात टेकले आणि बाहेर जाऊन बोला म्हणाला. मामा बाहेर आले. बाहेर गल्लीत दोन्ही बाजूंना मागच होते.

मामा चालत राहिले, तो ओरडत राहिला. गल्ली संपेपर्यंत त्याचा घसा बसला होता. मग खोकल्याचा आवाज आला आणि फोन कटला. लुटायला निघालेला माणूस दमून घरी गेला.

मी मामांना सगळं समजावून सांगितलं. तो आमचा माणूस नव्हता, चोर होता, तुम्ही थोडक्यात वाचलात. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांच्या मनातलं काही जाईना.

"चोर असू दे की," ते म्हणाले. "पण लई कष्ट घेतला बिचारा. परत फोन आला तर सांगा त्याला, सुट्टीच्या दिवशी कर. माग बंद असतात."

* * *

तात्या दुसऱ्यांदा आले ते काखेत डबा आणि मोबाइल पुढं करूनच. शेजाऱ्यानं त्यांना मेसेज वाचून दाखवला होता की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कॉम्प्युटर अशा तक्रारी आपोआप बंद करून टाकतो. तात्यांनी तो मेसेज आल्यावर दोन दिवस मोटरीजवळ बसून काढले होते.

"निवारन झालं म्हनं," ते म्हणाले. "मंग मोटर का गप?"

मी विषय बदलला. म्हटलं, तात्या, आपण तुमचाच नंबर डब्यात नोंदवू. घरबसल्या मोटर चालू करा, पाण्यापर्यंत चालायला नको. तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला कळेना मी काय चुकीचं बोलले.

"माज्या फोननं चालू झाली तर मला काय कळणार, पोरी?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. बोलताना ते डब्याकडं बघत होते. मोटर सुरू झाली की हिरवा दिवा लागतो आणि पलीकडचा माणूस फोन ठेवेपर्यंत तो जळत राहतो. पोरानं मोटरीचा आवाज ऐकून फोन ठेवायला पाहिजे. पण दिवा बराच वेळ जळत राहायचा. म्हणून तात्या रोज त्या वेळेला डब्याजवळ जाऊन उभे राहायचे. पोराशी बोलायचं नाही हे तर ठरलेलंच. मग ते कुत्र्याशी बोलायचे. कुत्र्याचं नाव टिप्या. आज केळीला खत घातलं रे टिप्या. गुडघा आता बरा हाय रे टिप्या. टिप्या भुंकायचा. दिवा विझला की दोघं घरी जायचे.

फरहाना उठून पाणी प्यायला गेली. श्रीनिवासनं तक्रार पुन्हा नोंदवली.

* * *

तिसऱ्यांदा तात्या आले ते दुपारी, पुन्हा डबा घेऊन. आता दुसरं सिम घालून बघा म्हणाले. मी डबा उघडायला घेतला. आतल्या बॅटरीवर तो चालूच होता. तेवढ्यात लाल दिवा लुकलुकला आणि विझला. थोड्या वेळानं पुन्हा. मग आणखी एकदा.

"बघा, ह्योच बिघाड," तात्या म्हणाले. "रोजचं हाय. तीनदा लुकलुकतं, जरा थांबतं, मंग परत." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि सहज म्हणाले, "आमच्याकडं आत्ताच लाइट आली असंल."

मी आणि फरहानानं एकमेकींकडं पाहिलं. ऑफर देणारा माणूस लाइटीची वेळ बघून फोन करत नाही. आणि तीनदा हाकलल्यावर चौथ्यांदा तर मुळीच करत नाही. मी डब्याच्या छोट्या स्क्रीनवर नंबर पाहिला. तिन्ही वेळा एकच होता, पण डब्यात नोंदवलेला तो नव्हता. पोराचा फोन हरवला असेल, जुना नंबर गेला असेल, आम्हाला काय माहीत. नवीन नंबरवरून तो रोज मोटरीला फोन करत होता आणि आतली बाई त्याला रोज सांगत होती, आपला नंबर नोंदणीकृत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. तिकडं पुण्यात त्या पोराला काय वाटलं असेल? त्याला वाटलं असणार, बापानं आपला नंबर काढून टाकला. आणि तरी तो फोन करत होता, रोज, लाइट आल्या आल्या, ते 'नाही' ऐकायला.

मी तात्यांना जमेल तसं समजावलं. ते डब्यावर हात ठेवून उभे राहिले. श्रीनिवासनं स्क्रीनवरचा नंबर आपल्या मोबाइलवर घेतला आणि म्हणाला, तात्या, मी लावून देतो, बोला.

"नगं," तात्या म्हणाले. "त्यानं मोटरीला फोन केलाय. मला न्हाय."

फरहानाचा भाऊ मोटर रिवाइंडिंग करतो, तिला या डब्याचं माहीत होतं. लाल दिवा लुकलुकत असताना लाल बटण दाबून धरलं की समोरचा नंबर नोंदवला जातो. पण त्यासाठी पुन्हा फोन यायला हवा होता.

आम्ही थांबलो. रांगेतल्या माणसांना एव्हाना सगळं कळलं होतं. कुणी घाई केली नाही. फरहानानं हळूच टोकन पुकारणारं मशीन बंद केलं. मी मनात म्हणत होते, लाव रे बाबा, आजचा दिवस तरी दमू नकोस.

लाल दिवा लुकलुकला.

"दबाओ ना, तात्या!" फरहाना म्हणाली.

तात्यांनी दोन्ही अंगठे बटणावर दाबून धरले. डब्याच्या आत खट् झालं, लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. मोटर तिथं नव्हतीच, त्यामुळं आवाज कसलाच आला नाही. सगळं सेंटर त्या हिरव्या दिव्याकडं बघत होतं. पलीकडं फोन ठेवला गेला नव्हता.

तात्या डब्यावर वाकले. त्यांनी सवयीनं पायाशी पाहिलं. तिथं टाइल्स होत्या.

"टिप्या," ते म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "टिप्या, केळीला घड लई चांगलं लागल्यात रे. पानी मागं सरलंय, पाइप फुडं न्याया लागतील. मला येकट्याला उचलत न्हाईत."

दिवा जळत होता.

"आन हे बघ टिप्या. नंबर म्या काढला न्हवता. काय? म्या न्हवता काढला."

दिवा जळत होता. पलीकडून आवाज येत नाही त्या डब्यात, नुसतं इकडचं तिकडं जातं. तात्या डब्याला कान लावून उभे होते आणि काय करावं हे आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं. मॅनेजर सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"कळलं का रे टिप्या?" तात्यांनी विचारलं.

श्रीनिवास खुर्चीतून उठला. त्यानं टाय सरळ केला, काउंटरवरून पुढं वाकला, तोंड डब्याच्या माइकजवळ नेलं आणि दोनदा भुंकला.